किनाऱ्याचें भय

समुद्रावर गेलेल्या माणसाची चिंता घरच्या मंडळींना वाटूं लागली, म्हणजे त्यांच्या मनाला पहिला आधार वाटतो तो किनाऱ्याचा. गलबत किनाऱ्याजवळून जात आहे ना, मग ठीक आहे. वादळ उठलेंच तर जवळच्या बंदरांत शिरतां येईल, अशी तीं आपली समजूत घालून घेतात. पोहावयास शिकणाऱ्या मुलाला आपण कांठाकांठानें पोहावयास सांगतों, त्यांतलाच हा विचार आहे. परंतु पोहणाराला जो नियम लागू पडतो तो गलबताला लागू पडत नाहीं. चांगलें बांधलेलें लहान गलबत खोल पाण्यांत पुष्कळ सोसतें. त्याला सोसत नाहीं तो खडक, वाळूचा दांडा आणि उथळ पाण्यांत फुटणारी लाट. आणि ह्या तिन्ही गोष्टी किनाऱ्याच्या आहेत. शिडाच्या लहान होडींतून एकट्यानेंच किनाऱ्याकिनाऱ्यानें प्रवास करण्याचा जो एक छंद आहे, त्याचें सारें शास्त्र ह्या उलट्या वाटणाऱ्या गोष्टींत सांठविलेलें आहे.

हा छंद वाढला तो इंग्लंडांत. एकट्यानें होडी हांकारणें ही कोळ्याला नवी गोष्ट नव्हे. पोटासाठीं तो तें पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. परंतु पगारी खलाशी न घेतां, केवळ आवड म्हणून, एकट्यानें समुद्रकिनाऱ्यानें फिरावें ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें रूढ होऊं लागली. त्यापूर्वी शिडाची नौका बाळगणारा धनिक सहसा स्वतः दोरीला हात लावीत नसे; तें काम नोकरांचें समजलें जाई. ही चाल मोडणाऱ्यांत जॉन मॅक्‌ग्रेगर ह्याचें नांव प्रथम घ्यावें लागतें. हा पेशानें बॅरिस्टर. १८६७ सालीं पॅरिस येथें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, तेव्हां त्यानें ‘रॉब रॉय’ नांवाची २१ फूट लांबीची होडी बांधवून घेतली. तींत एकटाच बसून तो डोव्हरहून इंग्लिश खाडी ओलांडून बूलोनला गेला, तेथून फ्रान्सच्या किनाऱ्यानें हाव्र बंदरापर्यंत आणि पुढें सीन नदीनें पॅरिसला पोहोंचला. परततांनाही त्यानें खाडी एकट्यानेंच ओलांडली. ह्या प्रवासावर त्यानें लिहिलेल्या पुस्तकानें अनेकांचे डोळे समुद्राकडे वळले. दोनच वर्षांनीं, १८६९ सालीं, ई. ई. मिडल्टन ह्यानें ‘केट’ नांवाच्या तशाच एका होडींतून एकट्यानें इंग्लंडला प्रदक्षिणा घातली. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा न घालतां, फोर्थ आणि क्लाइड ह्यांना जोडणाऱ्या कालव्यांतून त्यानें वाट काढली. तिसरें नांव आर. टी. मॅक्‌मलन ह्याचें. हा लंडनमधील शेअरदलाल. १८५० सालीं त्यानें एका लहान होडीवर स्वतःच समुद्रविद्येचे पाठ गिरविण्यास सुरुवात केली, आणि पुढें चाळीस वर्षें तो दर उन्हाळ्यांत समुद्रावर जात राहिला. ह्या तिघांपैकीं समुद्राचें मर्म सर्वांत अधिक ओळखलें तें त्यानें.

एकट्यानें चालवावयाच्या होडीची रचनाच वेगळी असावी लागते. मॅक्‌ग्रेगरची होडी ‘यॉल’ ह्या जातीची होती. तींत पुढें एक मोठी डोलकाठी, आणि पार मागें, सुकाणूंच्याही पलीकडे, दुसरी एक लहान डोलकाठी असते. एकाच मोठ्या शिडाऐवजीं तीन लहान शिडें पसरलेलीं असतात. त्यामुळें कोणतेंही एक शीड एका माणसाच्या बळाला आंवरतें. वारा एकाएकीं वाढला तर मधलें मोठें शीड उतरवून टाकावें; पुढचें आणि मागचें अशीं दोन लहान शिडें होडीला दोन्ही बाजूंनीं तोलून धरतात, आणि ती शांतपणें सुकाणूंचें ऐकत राहते. शिडांचा तोल असा बरोबर साधला, म्हणजे सुकाणूंचा दांडा दोरीनें बांधून ठेवला तरी होडी कांहीं वेळ आपली दिशा सोडीत नाहीं. तेवढ्या वेळांत एकट्या माणसाला नकाशा पाहतां येतो, चहा करतां येतो, भिजलेले कपडे बदलतां येतात. होडीचा हा गुण लक्षांत ठेवावा. त्याची दुसरी बाजू पुढें यावयाची आहे.

आतां किनाऱ्याकडे वळूं. किनाऱ्यालगतच्या पाण्याला दोन हालचाली असतात. पाणी चढतें आणि उतरतें, एवढें कांठावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतें. मुंबई बंदरांत उधाणाच्या दिवशीं ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी सुमारें ५ मीटर चढतें. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील सें मालो येथें हाच आंकडा सुमारें १२ मीटरांवर जातो. परंतु एवढें पाणी चढावयाचें म्हणजे तें कोठून तरी वाहत आलें पाहिजे, आणि उतरावयाचें म्हणजे कोठें तरी वाहून गेलें पाहिजे. हा जो आडवा प्रवाह, तोच नावाड्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा. इंग्लिश खाडींत तो साधारणपणें सहा तास एका दिशेनें आणि सहा तास उलट दिशेनें वाहतो. डोव्हरजवळ, जेथें इंग्लंड व फ्रान्स एकमेकांच्या अगदीं जवळ येतात, तेथें उधाणाच्या दिवसांत त्याचा वेग तीन-चार नॉटपर्यंत जातो. नॉट म्हणजे ताशीं एक सागरी मैल.

ह्याचा अर्थ काय होतो, तें साध्या हिशेबानें पाहावें. लहान होडी मध्यम वाऱ्यावर ताशीं चार मैल जाते असें धरूं, आणि प्रवाहाचा सरासरी वेग दोन मैल धरूं. प्रवाह अनुकूल असेल तर होडी ताशीं सहा मैल, म्हणजे सहा तासांत ३६ मैल जाईल. प्रवाह प्रतिकूल असेल तर ताशीं दोन मैल, म्हणजे सहा तासांत १२ मैलच जाईल. होडी तीच, वारा तोच, माणूसही तोच. निघण्याची वेळ चुकली एवढ्यानें दिवसाचा प्रवास एक-तृतीयांशावर येतो. दिवसाउजेडीं ज्या बंदरांत शिरावयाचें, तेथें तो मध्यरात्रीं, थकलेल्या अवस्थेंत, अनोळखी दिव्यांच्या गर्दींत जाऊन पोहोंचतो. दुपारच्या प्रवाहाची चूक रात्रीच्या खडकावर उघडकीस येते, ती अशी.

भूशिराजवळ हा प्रवाह अधिकच उग्र होतो, कारण तेथें पाण्याला चिंचोळ्या वाटेनें वळसा घ्यावा लागतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड नांवाचें भूशिर समुद्रांत दूरवर घुसलेलें आहे. त्याच्या टोकाशीं तळ उंचसखल असून, उधाणाच्या दिवसांत तेथील प्रवाह सात नॉटच्या आसपास जातो. चार नॉट चालणाऱ्या होडीनें अशा प्रवाहाशीं झगडण्यांत अर्थच उरत नाहीं. त्यांत वारा प्रवाहाच्या उलट दिशेनें वाहूं लागला तर लाटा आखूड, उभ्या व कोसळणाऱ्या होतात, आणि दुरून पाहणाराला पाणी उकळत असल्यासारखें दिसतें. वाऱ्याचा जोर न वाढतां, केवळ प्रवाह फिरल्यामुळें, तासाभरांत शांत समुद्राचें असें रूप होऊं शकतें. म्हणून शहाणा नावाडी असें टोक एक तर प्रवाह मंदावण्याच्या घटकेस गांठतो, किंवा कित्येक मैल दूर राहून त्याला वळसा घालतो.

ह्याहूनही मोठें भय असतें तें समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहणाऱ्या वाऱ्याचें. जमिनीकडून वारा येत असेल तर तो होडीला दूर लोटतो. ती भरकटेल, पण आपटणार नाहीं. उलट, वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर होडीवर होणारी प्रत्येक चूक तिला जमिनीच्या जवळ नेते. शीड फाटलें, दोरी तुटली, माणसाला दोन घटका झोंप लागली, तरी परिणाम एकच. २६ ऑक्टोबर १८५९ ह्या दिवशीं ‘रॉयल चार्टर’ नांवाचें जहाज वेल्सच्या वायव्येस असलेल्या अँगल्सी बेटाच्या खडकांवर फुटलें, आणि चारशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. तें जहाज ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथून निघालें होतें. हजारों मैलांचे महासागर त्यानें सुखरूप ओलांडले, आणि लिव्हरपूल बंदर एका दिवसाच्या टप्प्यांत आल्यावर, वाऱ्यानें किनाऱ्यावर ढकलल्यामुळें तें नष्ट झालें. नांगर टाकले होते. त्यांचे साखळदंड तुटले. एवढ्या मोठ्या, वाफेचें यंत्र असलेल्या जहाजाची जेथें ही गत, तेथें २१ फुटी होडीची कथा काय?

मॅक्‌मलनची शिकवण येथें उपयोगी पडते. वादळाचीं चिन्हें दिसूं लागलीं कीं सर्वांची धांव बंदराकडे असते. त्याचें सांगणें असें कीं, बंदर वेळेवर गांठणें शक्य नसेल तर त्याच्या वाटेलाच जाऊं नये. होडी मजबूत असेल तर किनारा सोडून समुद्रांत दूर जावें आणि तेथें वादळ अंगावर घ्यावें. बंदराच्या तोंडाशीं पाणी उथळ असतें, वाळूचे दांडे असतात, आणि वादळांत लाटा फुटतात त्या तेथेंच. दूर समुद्रांत शिडें अगदीं लहान करून, होडीचें तोंड वाऱ्याकडे तिरपें धरून तिला जवळजवळ जागच्या जागीं थोपवितां येतें. अशी थोपविलेली होडी ताशीं सुमारें दीड मैल वाऱ्याबरोबर सरकत जाते असें समजूं. किनारा तीन मैलांवर असेल तर माणसाजवळ दोन तास आहेत. तीस मैलांवर असेल तर वीस तास आहेत, आणि तेवढ्या वेळांत बहुधा वारा तरी उतरतो, नाहीं तर दिशा तरी बदलतो. समुद्रावर अंतर म्हणजेच वेळ, आणि एकट्या माणसाला सर्वांत अधिक गरज असते ती वेळेची.

परंतु ह्या उपायाला एक मर्यादा आहे, आणि ती होडींत नसून माणसांत आहे. एकट्या माणसाला झोंप येते. दोघे असले कीं एकानें निजावें, दुसऱ्यानें जागावें. एकटा मनुष्य निजला कीं होडींत कोणीच नसतें. महासागरावर ह्याची अडचण कमी भासते. जगाला एकट्यानें पहिली प्रदक्षिणा घालणारा जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ ह्या काळांत ‘स्प्रे’ नांवाच्या नौकेंतून सुमारें ४६,००० मैल फिरला. त्याच्या नौकेचा तोल असा होता कीं सुकाणूं बांधून ठेवलें म्हणजे ती दिवसचे दिवस आपली दिशा धरून जाई, आणि हा खुशाल निजे. त्याच स्लोकमची नौका १८९५ च्या डिसेंबरांत उरुग्वेच्या किनाऱ्यावर वाळूंत रुतली, कारण तो किनारा फार जवळून धरून चालला होता. नौका ओढून काढण्यासाठीं लहान होडींतून नांगर नेत असतां ती होडी उलटली, आणि पोहतां न येणारा हा जगप्रवासी बुडतां बुडतां वांचला. खोल समुद्रांनीं ज्याला सांभाळलें त्याला किनाऱ्यानें असा धडा दिला.

किनाऱ्याजवळ झोंपेची दुसरी अडचण म्हणजे जहाजांची वर्दळ. डोव्हरच्या सामुद्रधुनींतून आज दररोज चारशेंच्या आसपास व्यापारी जहाजें जातात. टकरा टाळण्यासाठीं १९६७ सालीं तेथें जाणाऱ्या व येणाऱ्या जहाजांचे मार्ग वेगळे आंखण्यांत आले. लहान होडीला ते ओलांडावयाचे तर काटकोनांत ओलांडावे लागतात. हवा धुरकट असून पांच मैलांपर्यंतच दिसत असेल, तर ताशीं वीस मैल चालणारें जहाज दिसूं लागल्यापासून पंधरा मिनिटांत होडीपाशीं येऊन ठेपतें. उंच जहाजावरील अधिकाऱ्याच्या नजरेस लाटांमध्यें हेलकावणारी एवढीशी होडी येईलच असें नाहीं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पांचवा नियम सांगतो कीं, प्रत्येक जलयानावर सदोदित योग्य टेहळणी ठेवलीच पाहिजे. निजलेल्या एकट्या माणसाकडून हा नियम पाळला जात नाहीं, हें उघड आहे. म्हणून किनाऱ्यानें एकटें फिरणाराला एकच प्रामाणिक मार्ग उरतो. प्रवासाचे टप्पे लहान ठेवावे, आणि रोज रात्रीं सुरक्षित जागीं नांगर टाकून निजावें. किनाऱ्याचें भय आणि किनाऱ्याची गरज अशीं एकाच वेळीं त्याच्या पाठीशीं लागलेलीं असतात. त्याची सारी विद्या ह्या दोहोंचा मेळ घालण्यांत आहे.

मॅक्‌मलनचीच पुढील हकीकत ह्या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. १८७७ सालीं शेरबूर्ग बंदरांत त्यानें आपल्या दोन पगारी खलाशांना कामचुकारपणाबद्दल काढून टाकलें, आणि अनेक माणसांनीं चालवावयाची ‘ओरायन’ ही सुमारें वीस टनांची जड नौका एकट्यानें इंग्लंडला परत आणली. त्यानंतर तो लहान नौकांतून एकटाच हिंडूं लागला. १८९१ च्या जून महिन्यांत ‘पर्सियस’ नांवाची त्याची नौका खाडीच्या मध्यभागीं फ्रेंच कोळ्यांच्या दृष्टीस पडली. शिडें चढविलेलीं होतीं, नौका व्यवस्थित चालत होती, आणि सुकाणूंपाशीं मॅक्‌मलन बसलेला होता; परंतु तो आधींच हृदय बंद पडून मरण पावला होता. त्याचें वय साठीच्या घरांत होतें. वादळ नव्हतें, खडक नव्हता, कोणतीही चूक झालेली नव्हती.

ह्या मृत्यूला कोणी भाग्याचा म्हणेल. परंतु त्यांतील एक गोष्ट अंगावर कांटा आणणारी आहे. धन्याचा प्राण गेल्यावरही नौका चालतच राहिली. चांगल्या होडीचा जो गुण वर सांगितला, कीं ती आपला तोल व दिशा आपण सांभाळते, त्याचीच ही दुसरी बाजू होय. एकटा माणूस पाय घसरून पाण्यांत पडला तर होडी त्याच्यासाठीं थांबत नाहीं. ताशीं चार मैल जाणारी होडी एका मिनिटांत त्याच्यापासून चारशें फूट दूर जाते. इंग्लंडजवळच्या थंड पाण्यांत जड कपड्यांनिशीं पोहून तिला गांठणें अशक्यच म्हणावयाचें. म्हणून जाणता नावाडी छातीला पट्टा बांधून त्याची दोरी होडीला अडकवून ठेवतो, आणि ती सुद्धां इतकी आखूड कीं पडला तरी तो पाण्यांत जाऊं नये. हवा चांगली आहे, समुद्र शांत आहे, अशा वेळींही तो ती सोडीत नाहीं; कारण धोक्याची जाणीव होण्याच्या आधींच पाय घसरलेला असतो.

आज साधनांची समृद्धि आहे. उपग्रहांच्या साहाय्यानें आपण कोठें आहों तें कांहीं मीटरांच्या अंतरापर्यंत कळतें. आसपासच्या मोठ्या जहाजांचीं नांवें, दिशा व वेग पडद्यावर दिसतात. बिनतारी यंत्रावर मदत मागतां येते. हवामानाच्या अंदाजाची कथा तर रॉयल चार्टरच्याच अपघाताशीं जोडलेली आहे. त्या दुर्घटनेनंतर ॲडमिरल फिट्‌झरॉय ह्यानें १८६१ सालीं इंग्लंडच्या बंदरांना वादळाच्या पूर्वसूचना देण्याची पद्धत सुरू केली, आणि १९२५ पासून बी.बी.सी.च्या नभोवाणीवरून जहाजांसाठीं हवामानाची वार्ता सांगितली जाऊं लागली. परंतु ह्या साधनांचा उपयोग जागा असलेल्या माणसालाच होतो. खडक कोठें आहे हें यंत्र सांगतें. थकलेल्या माणसानें त्या वाटेनें जाऊंच नये, हें सांगण्याची सोय त्यांत नाहीं. तो निर्णय त्यानें निघण्यापूर्वीं, पोट भरलेलें व डोकें थंड असतां, घ्यावयाचा असतो. कोणत्या प्रवाहाबरोबर निघावयाचें, कोणत्या वेळेपर्यंत कोणतें टोक मागें पडलें नाहीं तर परत फिरावयाचें, वारा फिरला तर कोणतें दुसरें बंदर गांठावयाचें, हें सारें कागदावर लिहून काढावें. त्याची एक प्रत किनाऱ्यावरील कोणा विश्वासू माणसापाशीं ठेवावी. शीड लहान करावें कीं काय असा विचार मनांत येतांक्षणींच तें लहान करावें. वाट पाहिली तर तेंच काम दुप्पट वाऱ्यांत करावें लागतें.

ह्या छंदाला एक नैतिक बाजूही आहे. एकटा जाणारा मनुष्य असें म्हणूं शकतो कीं, जीव माझा आहे, तो धोक्यांत घालावयाचा कीं नाहीं हें मी ठरवीन. परंतु तो संकटांत सांपडला म्हणजे प्रत्यक्षांत काय घडतें? ब्रिटनमध्यें १८२४ सालीं स्थापन झालेली जीवरक्षक नौकांची संस्था आहे. तिच्या नौकांवर मुख्यतः स्वयंसेवक काम करतात. कोणी कोळी, कोणी दुकानदार, कोणी शिक्षक. हांक आली कीं ताटावरून उठून हीं माणसें वादळांत बाहेर पडतात, आणि असें करतांना त्यांपैकीं कित्येकांनीं प्राण दिलेले आहेत. तेव्हां एकट्याचा प्रवास हा पूर्णपणें एकट्याचा कधींच नसतो.

म्हणूनच ह्या विद्येंत ज्याला खरी गति आहे, अशा माणसाच्या प्रवासाच्या टिपणवहींत साहसाच्या कथा थोड्या आढळतात, आणि बंदरांत काढलेले दिवस पुष्कळ आढळतात. पहांटे उठून तो वारा पाहतो, हवामानाची वार्ता ऐकतो, भरतीचें कोष्टक पुन्हां एकदां तपासतो. समुद्र निळा असतो, शेजारच्या होड्या शिडें चढवून निघालेल्या असतात. ह्याला मात्र दुपारीं वारा किनाऱ्याकडे फिरेल असें दिसतें, आणि रात्रीं झोंप पुरी झालेली नसते. तो नांगराचा दोर एकवार तपासतो, वहींत ‘आज मुक्काम’ असे दोन शब्द लिहितो, आणि चहाचें पाणी स्टोव्हवर ठेवतो.